फुकट खाटेचा हिशेब : स्किझोफ्रेनियाचा उपचार कोठे परवडतो?

घरातील एखाद्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची ठरली, की नातेवाईक आणि समाजबांधव एकत्र बसतात. रुग्णालय कोणते निवडावे, खर्च किती येईल, विमा किती मिळेल, उरलेली रक्कम कोठून उभी करावी, याची चर्चा उघडपणे होते. मात्र घरातील तरुण मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे तो म्हणू लागला, तर दार लोटून घेतले जाते. मग दोघे-तिघे घाबरलेल्या मनःस्थितीत कुजबुजत निर्णय घेतात. त्यांच्यापुढे दोनच प्रश्न असतात : याला ठेवावयाचे कोठे आणि पैसा किती लागेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मानसोपचारतज्ज्ञाने द्यावयाचे आहे. दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. माझे सारे आयुष्य बँकेत आकडेमोड करण्यात गेले असल्याने त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. शासकीय मनोरुग्णालय, सर्वसाधारण रुग्णालयातील मानसोपचार विभाग, खासगी रुग्णालय आणि घराजवळची सेवा असे चार मार्ग आपल्यापुढे असतात. त्यांतील स्वस्त कोणता, हे बिलाच्या आकड्यावरून ठरविण्याची आपली सवय आहे. ती सवय किती महागात पडते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

आजार किती आणि उपचार किती

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा मेंदूच्या कार्याशी निगडित असलेला गंभीर आजार आहे. भास, संशय आणि विचारांतील विस्कळीतपणा ही त्याची ठळक लक्षणे होत. आंघोळ, बोलणे, कामधंदा यांविषयीची इच्छाच नाहीशी होणे हेही आजाराचेच लक्षण असते. आपण मात्र त्याला आळस म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक व्यक्तींना हा आजार आहे. बहुधा विशीच्या आसपास, शिक्षण संपवून उभे राहण्याच्या वयातच तो डोके वर काढतो.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. स्किझोफ्रेनिया व तत्सम आजार सर्वेक्षणाच्या वेळी असणाऱ्या प्रौढांचे प्रमाण त्यात सुमारे ०.४ टक्के आढळले आणि अशा दर चार रुग्णांपैकी तिघे उपचाराविना होते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. तरीही तेच प्रमाण ढोबळमानाने राज्याला लावले, तर २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे तीन लाख आणि वाशिम जिल्ह्यात सुमारे तीन हजार रुग्ण येतात. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या मंजूर खाटा अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५,६९५ होतात. शंभर रुग्णांमागे दोन खाटाही नाहीत. याचा अर्थ सरळ आहे : या आजाराचा मुख्य उपचार रुग्णालयाबाहेरच व्हावयाचा आहे. खाट हा त्यातील अल्पकाळाचा टप्पा आहे.

खर्च म्हणजे केवळ बिल नव्हे

हिशेबशास्त्रात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे खर्चाचे दोन भाग करतात. डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या आणि प्रवास हा प्रत्यक्ष खर्च. रुग्णाची बुडालेली कमाई, त्याला सांभाळण्यासाठी घरी बसलेल्या आईची किंवा भावाची मजुरी हा अप्रत्यक्ष खर्च. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो कोणाच्या वहीत उतरत नाही.

चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी बाह्यरुग्ण विभागातील स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा वार्षिक खर्च मोजून २००५ साली प्रसिद्ध केला. तो दर रुग्णामागे १३,६८७ रुपये भरला. या रुग्णांचा उपचाराचा खर्च मधुमेहाच्या रुग्णांपेक्षा फारसा निराळा नव्हता. अप्रत्यक्ष खर्च मात्र प्रत्यक्ष खर्चाहून अधिक होता आणि सारा बोजा मुख्यतः कुटुंबावर पडत होता. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत काढून घेतो. या आजाराची गोळी तिच्याहून फार महाग नसूनही आपण ती लपवितो किंवा बंद करतो.

यात तिसरा एक खर्च मिळवावा लागतो : आजार उलटण्याचा. कर्ज मंजूर करताना बँक केवळ व्याजदर पाहत नाही; ते बुडण्याची शक्यता किती, हे धरून तरतूद करते. उपचारांच्या बाबतीतही तीच दृष्टी हवी. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सावरलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध चालू राहिले, त्यांच्यात सुमारे वर्षभरात आजार उलटण्याचे प्रमाण २७ टक्के होते. ज्यांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिली गेली, त्यांच्यात ते ६४ टक्के होते. पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण अनुक्रमे १० आणि २६ टक्के होते. पुढील हिशेब मी याच आकड्यांवर उभा केला आहे.

केनवडचे एक कुटुंब

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या समाजाला वाशिम जिल्हा नवा नाही. त्याच जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव मी उदाहरणासाठी घेतो. येथून जिल्ह्याचे ठिकाण असलेले वाशिम साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेले अकोला सुमारे दोन तासांवर आणि प्रादेशिक मनोरुग्णालय असलेले नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. पुढील सर्व रकमा मी गृहीत धरलेल्या आहेत. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

समजा, मोलमजुरी करणाऱ्या एका कुटुंबात मुलगा आजारी आहे आणि दिवसाची मजुरी ४०० रुपये आहे. घरचे लोक वाट पाहत राहिले, मुलगा अनावर झाला आणि एका रात्री भाड्याच्या गाडीने त्याला नागपूरला नेले. गाडीचे जाणे-येणे ७,५००, सोबतच्या तिघांची चार दिवसांची मजुरी ४,८००, जेवण व मुक्काम ३,०००, परत आणताना पुन्हा गाडी ७,५००, बेरीज २२,८००. मुलगा ४५ दिवस तेथे राहिला, तर त्याची बुडालेली मजुरी १८,०००. एकूण ४०,८०० रुपये. रुग्णालयाने खाटेचा एक रुपयाही घेतलेला नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

त्याऐवजी शहरातील खासगी रुग्णालयात वीस दिवस ठेवले आणि सर्व मिळून दिवसाला २,००० रुपये लागले, तर बिल ४०,०००. गाडीभाडे ६,०००, सोबत राहणाऱ्याची मजुरी ८,००० आणि रुग्णाची ८,००० धरता ६२,००० रुपये होतात. बिलांची तुलना केली तर शून्य आणि चाळीस हजार असा फरक दिसतो. संपूर्ण खर्च मांडला, की तोच फरक ४०,८०० आणि ६२,००० असा उरतो.

आता नियमित बाह्यरुग्ण उपचाराचा हिशेब पाहू. एका फेरीला दोघांचे बसभाडे ४००, दोघांची एका दिवसाची मजुरी ८००, चहा-फराळ १००, म्हणजे १,३०० रुपये. महिन्याला एक फेरी धरली तर वर्षाचे १५,६००. औषधे बाहेरून विकत घेतली आणि ती महिन्याला ५०० रुपयांची धरली तर ६,०००. एकूण २१,६०० रुपये. औषधाच्या जवळजवळ अडीचपट पैसा केवळ औषधापर्यंत पोहोचण्यात गेला.

शंभर कुटुंबांचा ताळेबंद

अशी शंभर कुटुंबे घेऊ. आजार उलटूनही भरतीची वेळ आली नाही, तरी रुग्णाचे दोन महिन्यांचे काम आणि घरातील एकाचे महिन्याभराचे काम बुडते असे धरू; म्हणजे ३६,००० रुपयांचे नुकसान.

औषध बंद केलेल्या शंभरांपैकी २६ जण पुन्हा भरती होतील. त्यांचा खर्च १०,६०,८०० रुपये. आणखी ३८ जणांचा आजार घरीच उलटेल. त्यांचे नुकसान १३,६८,०००. एकूण २४,२८,८०० रुपये.

औषध चालू ठेवलेल्या शंभरांपैकी दहा जण भरती होतील. त्यांचा खर्च ४,०८,०००. आणखी १७ जणांचा आजार घरीच उलटेल; त्यांचे नुकसान ६,१२,०००. एकूण १०,२०,००० रुपये.

दोहोंतील फरक, म्हणजे औषधामुळे टळलेले नुकसान, १४,०८,८०० रुपये. दर कुटुंबामागे सुमारे १४,००० रुपये. हे घडवून आणणाऱ्या औषधाची किंमत वर्षाला ६,००० रुपये. औषध आपली किंमत दुपटीहून अधिक फेडून देते.

परंतु दर महिन्याला दूरची फेरी करावी लागली, तर उपचाराचा खर्च २१,६०० होतो आणि टळलेल्या नुकसानीपेक्षा तो अधिक भरतो. ‘परवडत नाही’ असे म्हणून उपचार सोडणारी कुटुंबे अडाणी नसतात. त्यांनी हाच हिशेब बोटांवर केलेला असतो. रुग्ण स्थिरावल्यावर डॉक्टरांच्या संमतीने दोन महिन्यांतून एकदा जावे लागले, तर खर्च १३,८०० वर येतो आणि जमाखर्च जेमतेम बरोबरीत राहतो. तीच सेवा गावात किंवा शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली आणि एका फेरीला ३०० रुपये लागले, तर दरमहा जाऊनही वर्षाचा खर्च ९,६०० होतो. येथे कुटुंबाच्या पदरात स्पष्ट शिल्लक पडते.

चाचण्यांतील टक्केवारी प्रत्येक गावी तंतोतंत लागू पडत नाही, माझे दरही अंदाजाचे आहेत. तथापि दर बदलले तरी एक गोष्ट बदलत नाही : या आजारात औषध महाग नाही, अंतर महाग आहे. शिवाय टळलेली भीती, वाचलेला जीव आणि घरात परतलेले हसू यांची किंमत मी कोठेच धरलेली नाही.

संशोधन काय सांगते

ग्रामीण कर्नाटकात झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आरोग्य-चमूने गावागावांत जाऊन उपचार न घेतलेले शंभर रुग्ण शोधले, त्यांना औषध आणि आधार दिला व दीड वर्ष पाठपुरावा केला. लक्षणे, अपंगत्व आणि कुटुंबावरील भार ही तिन्ही कमी झाली. उपचारांचा आणि गावात जाण्याचा खर्च वाढला. परंतु मांत्रिक-वैदूंकडील फेऱ्यांचा खर्च आणि घरच्यांचा सांभाळण्यात जाणारा वेळ कमी झाला.

आपल्या राज्यातील सातारा, तसेच गोवा व तामिळनाडू येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. २८२ रुग्णांपैकी काहींना केवळ रुग्णालयातील नेहमीचे उपचार मिळाले. उर्वरितांना त्याजोडीला प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी जाऊन भेटत राहिले. दुसऱ्या गटात लक्षणे आणि अपंगत्व काहीसे अधिक घटले, आणि हा लाभ तामिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक होता. लाभ माफक होता हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. कार्यकर्त्याचे मानधनही लागतेच. परंतु जेथे सेवा विरळ, तेथे घरी येणारा माणूस अधिक मोलाचा, हा त्यातून निघणारा अर्थ केनवडसारख्या गावाला नेमका लागू पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने विकसनशील देशांसाठी केलेल्या अर्थशास्त्रीय विश्लेषणातही हेच आढळले. जुनी स्वस्त औषधे, त्यांच्या जोडीला रुग्ण व कुटुंब यांचे समुपदेशन आणि हे सारे रुग्णालयाऐवजी वस्तीजवळच्या सेवेतून, हा मेळ खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी ठरला. महागडे नवे औषध म्हणजे हमखास अधिक गुण, असेही नाही. अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एक जुने औषध बहुतेक नव्या औषधांच्या तोडीचे ठरले. दुष्परिणाम मात्र औषधागणिक निराळे असतात, म्हणून निवड तज्ज्ञांनीच करावी. ‘यात स्वस्त पर्याय आहे का?’ एवढे विचारण्याचा संकोच आपण करू नये. जनौषधी केंद्रांत यांतील अनेक औषधे अल्प दरात मिळतात.

कोठे, केव्हा?

चारही मार्गांना आपापले स्थान आहे. आपल्या अनेकांतदृष्टीला हे समजणे कठीण जाऊ नये.

रुग्ण स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका निर्माण करीत असेल, अन्नपाणी सोडून बसला असेल, तर भरती अटळ असते. अशा वेळी शक्य तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आधी पाहावा. तेथे शारीरिक आजारांचीही तपासणी होते, नातेवाइकाला सोबत राहता येते आणि ‘मनोरुग्णालयात होता’ हा शिक्का बसत नाही. घरच्यांना सोबत ठेवण्याचे महत्त्व आपल्याच देशात फार पूर्वी ओळखले गेले. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबू ठोकून राहावयास बोलाविले. बरे होऊन घरी जाणाऱ्यांचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. दीर्घकाळ न आटोपणारा आजार किंवा निराधार रुग्ण यांच्यासाठी अशा संस्थांना पर्याय नाही. २०१६ पासून तेथे राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने सुधारणेचे काम हाती घेतले गेले. मात्र मनोरुग्णालय म्हणजे माणूस ठेवून येण्याची जागा, ही समजूत सोडावयास हवी. २०१९ सालच्या एका राष्ट्रीय अहवालात देशातील ४३ मनोरुग्णालयांची पाहणी होती. तेथील एक-तृतीयांशाहून अधिक रुग्ण वर्षाहून अधिक काळ तेथेच होते. उपचार संपलेल्यांना न्यावयास कोणी आले नाही, की ती खाट नव्या रुग्णासाठी बंद होते. शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीनेही याहून महाग खाट दुसरी नाही.

खासगी रुग्णालय ज्यांना परवडते त्यांनी अवश्य निवडावे. मात्र सारी पुंजी पहिल्याच भरतीत संपवू नये. हा आजार बहुधा वर्षानुवर्षे सांभाळावयाचा असतो. पुढील पाच वर्षांच्या औषधाची सोय राखून मगच भरतीचा खर्च ठरवावा.

भरतीनंतरचा सर्वांत मोठा टप्पा घराजवळ असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या सेवा जिल्हा रुग्णालयातून मिळतात. तेथे सुरू झालेले उपचार पुढे जवळच्या आरोग्य केंद्रातून चालू ठेवता येतील का, हे विचारावे. वाशिमसह चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात आशा स्वयंसेविका घरोघर पोहोचल्या. गावात चालत येणारा माणूस आहे. त्याच्याशी बोलण्याचे धैर्य आपण दाखवावयाचे आहे. ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. घाबरलेल्या रात्री गाडी बोलाविण्यापूर्वी तो लावून पाहावा.

कायदा आणि करसवलती

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. शासनाकडून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले होते. त्याचे स्मरण ठेवले तर या कलमाचे मोल कळेल.

याच कायद्याच्या कलम २१ नुसार वैद्यकीय विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपली विमापत्रे काढून वाचावीत. बाह्यरुग्ण उपचार त्यात आहेत की केवळ भरती, हे विशेष पाहावे. कारण खरा खर्च बाह्यरुग्ण उपचारांतच आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचे दार उघडते. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्या पालकांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडी नुसार अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. करविषयक तरतुदी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा नियम आपल्या सल्लागाराकडून पडताळून घ्यावा. निवृत्तिवेतनधारकांनी, मनोविकारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आपल्या पश्चात कुटुंब-निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आपल्या सेवानियमांत आहे का, हे आपल्या हयातीतच तपासून कागदपत्रे पूर्ण करावीत. हे काम मागे राहिले, तर ज्याला लिहिणे-बोलणेही जड जाते त्याच्यावर कार्यालयांचे उंबरे झिजविण्याची वेळ येते.

सूर्यास्त, उपवास आणि गोळी

आपल्या घरांपुरता एक प्रश्न येथे मांडणे आवश्यक वाटते. या आजाराची अनेक औषधे झोप आणणारी असल्याने डॉक्टर ती रात्री घ्यावयास सांगतात. रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणाऱ्या घरात मग रात्रीची गोळी, तिच्यासोबतचे पाणी हा पेच उभा राहतो. पर्युषणात, दशलक्षण पर्वात किंवा आठ दिवसांच्या उपवासात गोळी हळूच बंद होते आणि पर्व संपल्यावर महिन्याभरात आजार डोके वर काढतो. घरच्यांना त्या दोहोंतील संबंध लक्षातही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. आपला नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा. काही औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते. काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन देता येते. निर्जल उपवासाविषयी तर डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय रुग्णाने पुढे जाऊ नये. व्रताच्या बाबतीत शंका असल्यास साधू-साध्वींसमोर मोकळेपणाने निवेदन करावे. ‘हा कर्माचा उदय आहे’ असे म्हणून आपण अपेंडिक्सची शस्त्रक्रिया टाळत नाही. तेथे पुरुषार्थ करतो. तोच पुरुषार्थ येथेही करावयाचा आहे.

‘लग्न केले की सुधारेल’ हाही एक घातक उपाय. लपवून केलेल्या विवाहात दुसऱ्या घरातील निष्पाप मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य पणाला लागते. आजार कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि तो नेमका तेथेच उलटतो. पुढे न्यायालयाचा खर्च येतो तो वेगळाच.

औषधदानाचा नवा अर्थ

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत, आणि वैयावृत्त्याला आपण अंतरंग तपात गणतो. आपले विश्वस्त मंडळ मात्र औषधदान म्हटले, की बहुधा इमारत, खाटा आणि संगमरवरी पाटी यांचा विचार करते. वरील ताळेबंद पाहता त्या रकमेचा निराळा विनियोग सुचतो.

समजा, एखाद्या न्यासाने महिन्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञांना केनवडसारख्या ठिकाणी आणले आणि मानधन व वाहन मिळून १२,००० रुपये खर्च केले. परिसरातील वीस रुग्ण आले, तर प्रत्येकाची १,३०० रुपयांची फेरी ३०० वर येईल आणि कुटुंबांचे महिन्याला २०,००० रुपये वाचतील. दान केलेला रुपया दीडपटीहून अधिक काम करील. तेही इमारत न बांधता. सोबत एखादी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ती नेमून, जो रुग्ण आला नाही त्याच्या घरी आठवड्याच्या आत जाऊन चौकशी करण्याची व्यवस्था ठेवावी. हे शिबिर सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी खुले असावे. जिल्हा रुग्णालयाशी समन्वय ठेवला तर औषधेही तेथून मिळण्याचा प्रयत्न करता येईल.

मराठी माणसाने हा मार्ग आधी चालून दाखविला आहे. मूळचे धुळे जिल्ह्यातील आणि कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो दडविला नाही. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू झाली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एकमेकांशी बोलण्याची जागा मिळाली. ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून २००४ साली आला. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोहोचविणारे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघांच्याही कामाचा शेवट रुग्णालयात होत नाही, घराच्या उंबरठ्यावर होतो.

प्रत्येक संघाने आणि मंडळाने येत्या चातुर्मासात एक छोटी बैठक घ्यावी, अशी विनंती आहे. विषय तीनच असावेत : आपल्या परिसरात असे रुग्ण किती, त्यांना सर्वांत जवळचे औषध किती किलोमीटरवर मिळते आणि ते अंतर कमी करण्यासाठी आपण दरमहा किती रुपये देऊ शकतो. नावे गुप्त ठेवावीत, आकडे मात्र लिहून काढावेत. हिशेब कागदावर उतरला, की रक्कम वाटते तितकी मोठी नसते, असा माझा बँकेतील अनुभव आहे.